जळलेल्या डोंगराची राखण

वणव्यात जळलेल्या डोंगरावर श्रमदानास जाणाऱ्या माणसाला पहिल्याप्रथम काय करू नये हे शिकावे लागते, आणि उत्साही माणसाला हाच धडा सर्वांत जड जातो. दोन दिवसांची सवड काढून, पाठीला पिशवी लावून आणि नवे कोरे हातमोजे खिशात घालून जो तरुण मुंबईहून वा पुण्याहून पोलादपूरच्या एस.टी. स्थानकावर उतरतो, त्याच्या मनात रोप लावतानाचे स्वतःचे चित्र घरून निघण्यापूर्वीच पक्के झालेले असते. आणि मग चैत्राच्या उन्हात, काळ्या पडलेल्या उतारावर उभे करून जेव्हा त्याला सांगितले जाते की जळकी खोडे तोडावयाची नाहीत, उभी झाडे मेली असे समजून त्यांना हात लावावयाचा नाही, आणि खड्डे तर मुळीच खणावयाचे नाहीत, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जो विरस उमटतो तो पाहण्याची मला आता सवय झाली आहे. मी स्वतः महाडचा. शाळेतील नोकरीतून मोकळा झाल्यापासून आमच्याकडील डोंगरभटक्या मंडळींबरोबर आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलामुलींबरोबर या कामाला जातो. १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, सुरू झालेल्या या योजनेची मुले पुष्कळदा गुणांसाठी येतात हे मला ठाऊक आहे. पण घाम गाळण्यासाठी हेतू शुद्ध असावाच लागतो असे नाही.

महाडपासून पोलादपूरपर्यंत, आणि तेथून एकीकडे आंबेनळीच्या व दुसरीकडे कशेडीच्या घाटापर्यंत पसरलेले डोंगर शिमग्याच्या सुमारास पाहावेत. दिवसा धुराचा एक पिवळट पडदा तेवढा दिसतो. परंतु काळोख पडला की कड्यांच्या पोटाशी आगीच्या वाकड्यातिकड्या रेघा उजळतात, घळीत शिरताना बारीक होतात आणि गवताळ दांडावर आल्या की एकाएकी उसळतात. महामार्गावरून जाणारा प्रवासी त्या कौतुकाने पाहतो; गावातील माणूस त्या कोणाच्या हद्दीत आहेत एवढेच पाहतो. ऑस्ट्रेलियातील किंवा कॅलिफोर्नियातील वणव्यांप्रमाणे आमच्याकडची आग झाडांच्या शेंड्यांवरून धावत नाही. ती जमिनीलगत चालते, गवत आणि पाला खात जाते, आणि मोठ्या झाडांची बुंध्याशी साल काळी करून निघून जाते. म्हणूनच तिने केलेली हानी चटकन नजरेत भरत नाही; आषाढ लागला की तेच उतार असे काही हिरवे होतात की फाल्गुनात येथे आग लागली होती हे सांगितले तरी पाहुण्याला खरे वाटू नये. मात्र थोडे वाकून, बारकाईने पाहिले तर ध्यानात येते की जुनी झाडे आहेत आणि गवत आहे, पण या दोहोंच्या मधले, कमरेएवढे, छातीएवढे, पुरुषभर उंचीचे जे असावयास हवे ते कोठेच नाही. घरात आजोबा असावेत आणि कर्ती पिढी नसावी, तशी त्या रानाची अवस्था असते.

ही मधली पिढी नाहीशी होते कोठे, हे मला एका वनरक्षकाने मंगळगडाच्या वाटेवर, दुधाणेवाडीच्या वरच्या अंगाला, कुदळीने माती उकरून दाखविले. जळल्यानंतर काही आठवडे लोटले होते आणि काळ्या जमिनीतून ऐनाचा एक वीतभर कोंब तांबूस पाने घेऊन वर आला होता. पाहणाऱ्याला वाटावे की बी नुकतेच रुजले आहे. त्याने भोवतालची माती हलक्या हाताने बाजूला केली, तेव्हा त्या कोवळ्या कोंबाखाली मनगटाएवढे जाड, गाठाळलेले मूळ निघाले, आणि त्याच्या डोक्यावर पूर्वी फुटून जळून गेलेल्या कोंबांचे काळे वण एकाशेजारी एक दिसत होते. वरचा अंकुर यंदाचा होता. खालचे झाड बहुधा त्या वनरक्षकाच्या नोकरीपेक्षा जुने होते. दरवर्षी पावसात ते हातभर वाढावे आणि दरवर्षी शिमग्यात त्याने जळून जावे, असा क्रम कित्येक वर्षे चालला होता. अशा मुळाला नव्या रोपाची सोबत नको असते आणि खताची पाटीही नको असते. लागोपाठ तीन-चार उन्हाळे आग त्याच्यापर्यंत पोहोचली नाही, तर खाली साठलेल्या बळावर ते असे झपाट्याने वर जाते की रोपवाटिकेतून आणलेले कोणतेही रोप त्याची बरोबरी करू शकत नाही. वनरक्षकाने माती पुन्हा सारखी केली आणि वर चार दगड रचले, का तर कोणी उत्साही स्वयंसेवकाने तेथेच खड्डा खणू नये.

आगीशी जुने नाते असलेली झाडे आमच्या रानात कमी नाहीत. ऐनाची साल जाड आणि चौकटीचौकटींनी भेगाळलेली असते. कुंभ्याची साल तंतुमय, आणि तिचा गुण असा की ती भडकत नाही, धुमसत राहते, म्हणून तोड्याच्या बंदुकीच्या काळात या सालीच्या तंतूंची वात वापरीत असत. पळस, पांगारा, सावर हीदेखील तग धरतात. तग धरीत नाहीत ती घळीतील सदाहरित झाडे, अंजनी आणि तिची सावलीत वाढणारी भावंडे. दर वणव्यागणिक त्यांच्या राईची कड थोडी थोडी करपत जाते आणि मोकळ्या झालेल्या जागेत रानमोडी आणि घाणेरी शिरतात. उन्हाळ्यात त्यांच्या वाळल्या काड्या पुढच्या वणव्याला सरपण पुरवितात, आणि वर्तुळ पुरे होते. रानमोडी फुलण्यापूर्वी, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे, जमीन ओली असतानाच ती मुळासकट उपटणे हे कंटाळवाणे आणि कोणाच्याही छायाचित्रात शोभून न दिसणारे काम आमच्या यादीत फार वरचे आहे.

या मुलखाचे अरण्य एके काळी एवढे प्रसिद्ध होते की त्याच्या आधारावर राजकारण चालत असे. जावळीचे मोरे ज्या झाडीच्या बळावर निर्धास्त होते ती झाडी १६५६ साली शिवाजीमहाराजांच्या स्वराज्यात आली, चंद्रगड आणि मंगळगड हे किल्लेही तेव्हाच आले, आणि तीन वर्षांनी, १० नोव्हेंबर १६५९ रोजी, प्रतापगडाखाली अफजलखानाच्या फौजेची जी वाताहत झाली तिच्यात या निबिड रानाचा वाटा लहान नव्हता. ज्यांची समाधी पोलादपुरात आहे त्या कवींद्र परमानंदांनीही आपल्या ‘शिवभारता’त त्या अरण्याची दखल घेतली आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात तर आरमारासाठी लाकूड कसे मिळवावे याचा विचार करताना, आंबाफणसांची झाडे रयतेने वर्षानुवर्षे लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात, सबब त्यांना हात लावू नये, अशी ताकीदच आहे. हे सर्व आपण अभिमानाने सांगतो. अशा भाषणांनंतरच्या उन्हाळ्यातही डोंगर जळावयाचे राहत नाहीत, एवढेच माझे म्हणणे आहे.

आग लावतो कोण, हा प्रश्न सरकारी पंचनाम्यात बहुधा ‘अज्ञात इसम’ या दोन शब्दांनी संपतो. गावात तो इतका अज्ञात नसतो. पण त्याचे नाव घेणे हा भाऊबंदकीचा मामला होऊन बसतो. कोणी डुकराच्या वा भेकराच्या शिकारीसाठी गवत पेटवितो. कोणाला वाट मोकळी हवी असते. कोणाचा असा दृढ समज असतो की जुने गवत जाळले तर नवे दाट येते. कोणी बांधाच्या वादाचा सूड उगवितो. आणि कोणी विडीचे थोटूक टाकून पुढे चालू लागतो. भाताच्या राबाची भाजणी हे आणखी एक कारण सांगतात, आणि त्याविषयी मला दोन शब्द अधिक लिहावेसे वाटतात, कारण सर्व दोष शेतकऱ्याच्या माथी मारण्याची रीत जुनी आहे. राबासाठी कवळ, म्हणजे झाडांच्या पालेदार डहाळ्या, तोडणे, ती शेण आणि पाल्याबरोबर दाढीवर, म्हणजे रोपांच्या वाफ्यावर, पसरून भाजणे, ही कोकणातील भातशेतीची परंपरा. इंग्रजी अमलात जंगलखात्याने तिच्यावर निर्बंध आणले, तेव्हा ठाणे आणि कुलाबा या जिल्ह्यांतील रयतेत एवढा असंतोष माजला की मुंबई सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला, आणि त्याचा अहवाल १८८७ साली बाहेर आला. राब भाजणारा शेतकरी आग लावण्यापूर्वी कडेचे गवत काढतो, वारा पडल्यावर ती लावतो आणि विझेपर्यंत जागेवरून हलत नाही. निदान ज्याला ती विद्या बापाकडून मिळाली आहे तो तरी हलत नाही. ती विद्या आता विसरली जात आहे, आणि माझ्या मते खरा धोका तेथे आहे.

विसरली जाण्याचे कारण असे की गावेच रिकामी झाली आहेत. पोलादपूरच्या वाड्यावस्त्यांतून घरटी एक तरी माणूस मुंबईला आहे. पुष्कळ घरांतून सर्वच आहेत. पूर्वी ज्या वरकस जमिनीवर नाचणी आणि वरी होत असे, ती आज ओसाड पडली आहे. ज्या गुराढोरांनी दांडावरचे गवत खाऊन संपवावे ती गुरेच दावणीला राहिली नाहीत. उरलेले गवत कापून त्याचे भारे वाहण्याएवढी अंगात रग असलेली माणसेही राहिली नाहीत. परिणामी माणूसभर उंचीचे गवत पौषापासून वाळत उभे राहते आणि एका ठिणगीची वाट पाहते. ढवळ्याच्या बाजूला एका धनगरवाड्यावर पाणी पिण्यास थांबलो असता तेथल्या एका वृद्धेने हे सारे अर्थशास्त्र एका वाक्यात उरकले. “गुरुजी, झाडं लावायला समदी येत्यात, गवत कापायला कोन येत नाय,” ती म्हणाली. “आजी, आम्ही येऊ,” असे मी म्हणालो, तेव्हा तिने माझ्या हातांकडे पाहिले आणि “विळा घरचा आना,” एवढेच उत्तर दिले.

कायद्याची स्थिती मोठी मौजेची आहे. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाचे कलम २६ राखीव वनात आग लावणे हा गुन्हा ठरविते, हे सर्वांना ऐकून ठाऊक असते. परंतु त्याच अधिनियमाचे कलम ७९ सांगते की राखीव किंवा संरक्षित वनात ज्याचा चराईचा, लाकूडफाट्याचा वा अन्य काही हक्क आहे, त्याने वणव्याची खबर विनाविलंब दिली पाहिजे आणि तो विझविण्यास स्वतः लागले पाहिजे, हे मात्र कोणाच्या गावी नसते. म्हणजे ज्याला आपण आज स्वयंसेवा म्हणून हारतुरे घालतो, ते काही जणांच्या बाबतीत शतकाच्या घरात आलेले कायदेशीर कर्तव्य आहे. त्यातही कोकणची गुंतागुंत वेगळी: १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्यानंतरही मालकीचे डोंगर येथे फार आहेत, सातबारावर एकेका उताराला वीस-वीस नावे आहेत, त्यांतील निम्मे खातेदार मुंबईस आणि काही निवर्तलेले; अशा डोंगराला आग लागली तर धावून जावे कोणी? देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून उपग्रहाने टिपलेल्या आगीचा संदेश वनकर्मचाऱ्याच्या भ्रमणध्वनीवर येतो ही मोठी सोय झाली आहे. पण गवताचा वणवा उपग्रहाच्या दोन फेऱ्यांमध्ये लागूनही जातो आणि विझूनही जातो, आणि संदेश आला तरी चढ चढावयाचा असतो तो पायांनीच.

वृक्षारोपणाविषयी मला अनादर नाही. राज्य सरकारने २०१६ साली दोन कोटी, पुढील वर्षी चार कोटी, त्यानंतर तेरा कोटी आणि २०१९ साली तेहतीस कोटी रोपांचे संकल्प सोडले. या आकड्यांची चढती भाजणी पाहिली की वाटते, यातील एखादे शून्य कमी करून वाचणारी रक्कम फाल्गुन-चैत्रातल्या राखणदारांच्या मजुरीकडे वळविली असती, तर आमच्या डोंगरावर आज अधिक सावली असती. जुलैत लावलेल्या रोपाला पहिला उन्हाळा येतो तो आठ महिन्यांनी, आणि तेव्हा त्याच्याभोवती कमरेएवढे गवत असते. रोपाशेजारचा नावाचा फलक आगीत पुष्कळदा शिल्लक राहतो, कारण तो लोखंडी असतो.

जळलेल्या उतारावर आम्ही उन्हाळ्यात जे काही करतो ते मुख्यत्वे वाटांचे आणि पाण्याचे काम असते. गवताची मुळे करपली की वाटेची बाहेरची कड सुटते, मुरूम आणि बारीक दगड वाटेवर घसरून येतात, आणि पाऊस कोसळू लागला की ती वाटच ओढा होऊन वाहू लागते. म्हणून मृगापूर्वी ठरावीक अंतरावर वाटेत तिरपे दगड बसवावे लागतात. दगड चपटा निवडावा, पहारीने चर काढून त्याचा अर्ध्याहून अधिक भाग जमिनीत पुरावा, वरच्या बाजूने माती ठोकून घट्ट करावी, आणि पाणी वाटेवरून उतरून जेथे पडेल तेथे आणखी दोन-चार दगडांचा बिछाना घालावा, नाहीतर पाणी वाट सोडून खालचा उतार खणू लागते. लहान ओघळींत अनघड दगडांचे बांध घालतो. सिमेंट नाही, चुना नाही, दगडाला दगडाचे खांदे. हे बांध गाळ धरतात, आणि त्या गाळात पहिल्याच पावसाळ्यात करवंदे रुजलेली मी पाहिली आहेत. बुलबुलांनी बी टाकण्याचे श्रमदान आमच्या आधीच केलेले असते. वाटांचा क्रमही ठरलेला आहे: आधी पाण्यावर जाणारी, मग शाळेची आणि दवाखान्याची, किल्ल्याची सर्वांत शेवटी. चंद्रगडावर जाण्यासाठी आलेल्या काही गिर्यारोहकांना हा क्रम रुचला नव्हता, पण ज्या वाटेने आजाऱ्याला डोलीत घालून खाली आणतात ती वाट मोडलेली ठेवून आपण बालेकिल्ल्याच्या पायऱ्या साफ कराव्यात हे मला पटत नाही.

येथे एक सावधगिरीचा शब्द लिहिणे अवश्य आहे. २५ जुलै २००५ रोजी दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते येथे डोंगर कोसळले. २२ जुलै २०२१ रोजी तळिये गावावर दरड आली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच दिवशी पोलादपूर तालुक्यातील साखर सुतारवाडी आणि केवनाळे येथेही दरडी पडल्या. तेव्हापासून आमच्याकडील सभांतून प्रत्येक दरडीचे खापर वणव्यावर फोडण्याची पद्धत पडू पाहत आहे. वरचा मातीचा थर वणव्याने उघडा पडतो आणि पावसाने वाहून सावित्री नदीत जातो, एवढे आम्ही डोळ्यांनी पाहतो. पण अख्खा डोंगर सुटून खाली येण्याला अतिवृष्टी, खडकाचे थर, आत मुरलेले पाणी, उतार तोडून केलेली बांधकामे अशी अनेक कारणे असतात. दुःखाचा आधार घेऊन आपल्या कामाचे महत्त्व वाढवून सांगू नये.

आणि आग प्रत्यक्ष विझविण्याचे वीरश्रीयुक्त काम? ते नवख्याचे नव्हे. दर दहा अंश चढाला आगीचा वेग दुपटीच्या घरात जातो, दुपारी खारा वारा खोऱ्यातून वर चढू लागला की ती कोठे वळेल याचा भरवसा नसतो, आणि गवताच्या धुरात दिशा कळत नाही. ११ मार्च २०१८ रोजी तमिळनाडूतील कुरंगणीच्या डोंगरात भटकंतीला आलेली तरुण मंडळी अशाच गवताळ उतारावर वणव्यात सापडली आणि त्यांतील वीसहून अधिक जण प्राणास मुकले. ओल्या डहाळ्यांनी कडेची आग झोडपणे, ते नेहमी खालच्या वा बाजूच्या अंगाने करणे, आणि मतलई वारा सुटेपर्यंत दम धरणे हे वनरक्षकांनी आणि गावच्या जाणत्यांनी करावे. पाहुण्यांनी पाणी पोहोचवावे, आणि थांब म्हटले की थांबावे.

राहता राहिली जाळरेषा, आणि हेच खरे पाहता सर्व कामाचे मूळ. आगीचा हंगाम लागण्याआधी, पहाटेचे दव गवतावर असतानाच, दांडाच्या माथ्याने किंवा वाटेच्या कडेने दहा-बारा हात रुंदीचा पट्टा कापीत जावयाचे, कापलेले गवत आत लोटून वनखात्याच्या माणसांच्या देखरेखीखाली थोडे थोडे जाळावयाचे, आणि जमीन उघडी करून ठेवावयाची, की पुढे येणाऱ्या आगीला खावयास काही मिळू नये. काही गावांत देवराईभोवतीचा पाला आजही शिमग्यापूर्वी गावकीने काढला जातो, आणि तेथल्या झाडांचे बुंधे पाहिले की मानकऱ्यांच्या या जुन्या रिवाजाची योग्यता कळते. ज्या एका उतारावर आमच्या मंडळींनी आणि गावाने मिळून लागोपाठ काही वर्षे हा पट्टा चुकविला नाही, तेथे ऐन आणि किंजळ आता माझ्या डोक्याच्या वर गेले आहेत. त्यांतील एकही आम्ही लावलेले नाही.

तेव्हा ज्यांना यावयाचे आहे त्यांनी जुलैची वाट पाहू नये. मार्गशीर्ष-पौषात यावे, सुती आणि अंगभर कपडे घालावेत, विळा आणि पाण्याची बाटली स्वतःची आणावी, डोंगर चढण्यापूर्वी गावात पोलीस पाटलाला आणि बीटावरच्या वनरक्षकाला वर्दी द्यावी, आणि खिशातील काडेपेटी खालीच ठेवून यावे.